निम्मेसाहेबांची पूर्ण शर्यत

दातांच्या डॉक्टरांना एक वाईट खोड असते. पेशंटच्या तोंडात कापूस, आरसा, थुंकी ओढणारी नळी आणि स्वतःची दोन बोटं एवढा ऐवज भरून झाला, की मगच त्यांना गप्पा सुचतात. निम्मेसाहेबांचा घात अशाच एका गप्पेने केला.

डॉक्टर म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. शाळेत त्याचे पुढचे दोन दात कुदळीसारखे बाहेर आले होते, म्हणून वर्गाने त्याचं नाव कुदळ्या ठेवलं. त्या रागातून तो दातांचा डॉक्टर झाला, शिकून बाहेर पडल्यावर आधी स्वतःचेच ते दोन दात रेखीव करून घेतले, दवाखान्याबाहेर लांबलचक पदव्यांची पाटी लावली. नाव मात्र कुदळ्याच राहिलं.

तर हा कुदळ्या त्या दिवशी निम्मेसाहेबांची दाढ कोरत होता. कोरता कोरता म्हणाला, "काय रे, येतोस का माझ्याबरोबर डोंगरात पळायला? छोटीशीच शर्यत आहे. मला सराव म्हणून करायचीय. एकट्याला कंटाळा येतो."

आता निम्मेसाहेबांनी काय करावं? बोलायची सोय नव्हती. मान आडवी हलवली असती तर ते घरघरणारं मशीन दाढ सोडून थेट गालात घुसलं असतं. म्हणून त्यांनी अत्यंत सावधपणे मान उभी हलवली, तीही नखभर.

"वा! मला वाटलंच होतं तू हो म्हणशील," कुदळ्या म्हणाला, आणि पुन्हा दाढेत शिरला.

चूळ भरल्यावर कळलं ते असं. कुदळ्याची खरी शर्यत पुढे होती, शंभर किलोमीटरची. ही फक्त तिचा सराव. ही पन्नास किलोमीटरची होती. डांबरी रस्ता नाही, सगळी डोंगरातली पायवाट. निम्मेसाहेब बसस्टॉपपर्यंत पळाले तरी बस सुटल्यावरही बराच वेळ हातवारे करून धापा टाकत उभे राहत. पण अर्धा गाल बधिर असताना भांडता येत नाही. ते घरी आले, भूल उतरली की फोन करून नाही म्हणायचं असं ठरवलं, आणि सोफ्यावर गाल धरून बसले.

इथे त्यांच्या नावाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्या नावामुळे घडलं. निम्मेसाहेब पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार अधिकारी होते. माणूस भला, कुणालाही नाही म्हणता येत नाही, ही एकच अडचण. काही वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी बाल्कनीचा गंजलेला लोखंडी कठडा रंगवायला घेतला. छान आकाशी निळा रंग आणला. बरोबर अर्धा कठडा रंगवून झाला आणि कोणीतरी गच्चीवरची टाकी बघायला हाक मारली. साहेब ब्रश पाण्यात बुडवून गेले. तो ब्रश अजून त्याच डब्यात होता, दगडासारखा. कठडा अर्धा निळा, अर्धा तांबडा गंजका, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसत असे. खाली तळमजल्यावर दुकान असलेल्या शिंप्याने साहेबांना निम्मेसाहेब म्हणायला सुरुवात केली आणि महिनाभरात त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. पुढे पुढे तर सगळी गल्ली पत्ता सांगायला त्या कठड्याचा उपयोग करू लागली. निळा कठडा जिथे संपतो, त्याच्या खालचं दार. निळा कठडा जिथे संपतो, त्याच्या समोरचा दवाखाना. खुद्द साहेबही पत्ता देताना तसंच सांगू लागले होते, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही.

तर साहेब गाल धरून बसले होते. बायकोने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" साहेबांनी अर्ध्या तोंडाने सगळं सांगितलं. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. पिन लावता लावता मोठ्याने म्हणाली, "मग पळा की! निम्म्यापर्यंत तर नक्की पोचाल."

खालून शिंप्याचं हसणं ऐकू आलं. त्याचं शिलाई मशीन थांबलं होतं, म्हणजे तो सुरुवातीपासून ऐकत होता.

साहेब ताडकन उठले, कठड्याच्या निळ्या भागाजवळ उभे राहिले आणि खाली बघून म्हणाले, "पन्नासच्या पन्नास किलोमीटर पुरे करणार. नाही केले तर दारावरच्या पाटीवर मी स्वतः निम्मे असं नाव रंगवून घेईन!"

"रंगवायला घेऊ नका साहेब," शिंपी म्हणाला, "ती पाटीही अर्धीच राहील."

झालं. भूल उतरली, पण फोन काही झाला नाही.

शर्यतवाल्यांना प्रकृतीचा दाखला हवा होता. कुदळ्याने आपल्या लेटरहेडवर लगेच लिहून दिलं, 'दात व हिरड्या समाधानकारक, पन्नास किलोमीटर धावण्यास हरकत नाही.' तो दाखला परत आला. मग साहेब घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ काही ऐकलं, आणि म्हणाले, "धावण्यास योग्य असं मी लिहिणार नाही. तुम्हाला चालताना पाहिलं आहे, एवढं लिहून देतो." शर्यतवाल्यांनी तो मात्र बिनतक्रार स्वीकारला. यावरून त्या शर्यतीची साहेबांना थोडी कल्पना यायला हवी होती.

त्याहून कठीण काम म्हणजे रजा. कार्यालयाच्या नियमात क्रीडा रजा नावाची एक रजा होती आणि ती आजवर कोणालाही मिळाली नव्हती. का मिळाली नव्हती? तर तिचे अर्ज ज्या कल्याण समितीकडे जात, तिचे सचिव स्वतः निम्मेसाहेब होते आणि प्रत्येक अर्जावर ते 'माहिती अपुरी, परत' असा शेरा मारत. आता त्यांचाच अर्ज शिपायाने त्यांच्या टेबलाच्या डाव्या बाजूने उचलून उजव्या बाजूला ठेवला. साहेबांनी चष्मा लावून वाचला. सवयीने हात गेला आणि शेरा पडला. अर्ज परत आला. साहेबांना भयंकर राग आला. एवढी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ही वागणूक? त्यांनी माहिती वाढवून पुन्हा अर्ज केला, आणि शर्यतीचं अंतर जरा संशयास्पद वाटल्यामुळे पुन्हा परत पाठवला. शेवटी शिपाईच वैतागून म्हणाला, "साहेब, एकदा स्वतःला भेटून बोलून घ्या ना," तेव्हा कुठे रजा मंजूर झाली.

सरावासाठी डोंगर कुठून आणायचा? कुदळ्या म्हणाला, "जिने चढ-उतर कर. डोंगर म्हणजे तरी काय, नीट न बांधलेला जिनाच." साहेब सकाळ-संध्याकाळ इमारतीचे चारही मजले चढू-उतरू लागले. पहिल्या दिवशी लोकांनी दारं उघडून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "खाली चाललाच आहात तर एवढी कचऱ्याची पिशवी टाकाल का हो?" साहेबांना नाही म्हणता येत नाही हे आपण पाहिलंच. पिशवी गेली. वर येताना कोणाचं दूध आलं, कोणाचं वर्तमानपत्र आलं. आठवड्याभरात लोक लिफ्टची वाट बघेनासे झाले, साहेबांची वाट बघू लागले. एकदा तर तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने जुनं कपाट काढलं आणि त्याचे दोन खण साहेबांच्या खांद्यावर देऊन विचारलं, "आज उशीर केलात?" साहेब संध्याकाळी बायकोला म्हणाले, "सराव वजनासकट व्हावा, असं तज्ज्ञ सांगतात." बायको म्हणाली, "मग आपल्या धान्याच्या गोणीने काय पाप केलंय?"

सल्ल्यांना तर ऊत आला. मावशींनी सांगितलं, बूट दोन नंबर मोठे घ्या, पाय सुजतात. कपाटवाल्यांनी सांगितलं, एक नंबर लहान घ्या, पाय हलता कामा नयेत. साहेबांनी कोणालाच दुखवायचं नाही म्हणून नेहमीच्या मापाचे घेतले आणि दोघांनाही 'तुमचंच ऐकलं' असं सांगितलं. मांड्यांना घासून सालटं निघतात, म्हणून चोपडायचा मलम लागतो, हे कुदळ्याने सांगितलं होतं. औषधाच्या दुकानात गर्दी होती. साहेबांनी हळूच मोठी बरणी मागितली. दुकानदाराने मागे वळून माळ्यावरच्या पोराला ओरडून विचारलं, "अरे, साहेबांच्या मांड्यांसाठी सगळ्यात मोठी बरणी आहे का बघ!" रांगेत शिंपी उभा होता. तो म्हणाला, "अर्धी भरलेली द्या, पुरेल."

शर्यतीच्या दिवशी उजाडता उजाडता दोघे डोंगराच्या पायथ्याशी हजर झाले. कुदळ्याच्या अंगावर इतके कप्पे होते की तो औषधाच्या उभ्या कपाटासारखा दिसत होता. साहेबांनी घरचीच पाठपिशवी घेतली होती. तीत उकडलेले बटाटे, मिठाची पुडी आणि तपासणीत सक्तीची असलेली शिट्टी. तपासणाऱ्याने शिट्टी वाजवून दाखवायला सांगितली. साहेबांनी ती इतक्या मनापासून वाजवली की निम्मे लोक शर्यत सुरू झाली समजून पळत सुटले आणि त्यांना परत बोलवायला पुन्हा शिट्टी वाजवावी लागली.

शर्यतीच्या वाटेवर झाडांना नारिंगी रिबिनी बांधलेल्या होत्या. रिबीन दिसेल तिकडे जायचं. आणि सगळ्यांच्या मागून एक बाई येणार होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणाच्या बाई, डोक्यावर टोपी, हातात छत्री, पाठीवर औषधांची पेटी आणि कमरेला बोलायचं वायरलेस यंत्र. त्यांचं काम एकच, एकेक रिबीन सोडत यायचं, कचरा मागे राहायला नको म्हणून. या शर्यतीला वेळेची मर्यादा नव्हती, बाईंची मर्यादा होती. बाई ज्याच्या पुढे गेल्या, त्याच्या छातीवरचा नंबर त्या काढून घेत आणि त्याची शर्यत तिथेच संपे.

"मला घाई नाही हं," बाई सुरुवातीलाच हसून म्हणाल्या. निम्मेसाहेबांनी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या. कार्यालयात असं म्हणणारी माणसं काय करू शकतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

पहिल्याच चढावर सगळी मंडळी पुढे निघून गेली. मागे उरले साहेब, त्यांच्या मागे कुदळ्या आणि त्याच्या मागे छत्रीची टकटक. साहेब धापा टाकत म्हणाले, "अरे, तू पुढे हो. माझ्यासाठी थांबू नकोस."

"छे छे! तुझ्या मागेच राहायचंय मला. त्यासाठी तर तुला आणलंय."

"म्हणजे?"

"माझे प्रशिक्षक आहेत ना, ते म्हणाले, तुझी एकच चूक होते. तू सुरुवातीला फार जोरात सुटतोस. शंभर किलोमीटर करायचे तर हळू पळायला शीक. ओळखीतला सगळ्यात हळू माणूस शोध आणि काही झालं तरी त्याच्या पुढे जाऊ नकोस." कुदळ्या भावनेने म्हणाला, "मी खूप विचार केला रे. एकेक माणूस डोळ्यांसमोर आणला. माझे सासरे आणले. पण तुझ्याइतकं सातत्य कोणाचंच नाही."

साहेब थांबले. म्हणजे ते या शर्यतीत धावपटू म्हणून नव्हतेच. ब्रेक म्हणून होते. एवढे जिने, एवढ्या पिशव्या, ते दोन खण, सगळं एका माणसाला हळू पळता यावं म्हणून. त्यांना फार वाईट वाटलं.

"त्या दिवशी माझी दाढ तरी खरंच किडली होती का?" त्यांनी विचारलं.

"थोडीशी," कुदळ्या म्हणाला.

साहेब चालू लागले. पण त्यांच्या आत काहीतरी पेटलं होतं. आता पुरी करायचीच. मागे टकटक जवळ येत होती. बाई खरोखर घाई करत नव्हत्या, एका हाताने रिबीन ओढायच्या, ती सुटायची, पिशवीत जायची. रिबिनी नुसत्या अडकवल्यासारख्या बांधल्या होत्या. साहेबांनी पुढच्या झाडापाशी उभं राहून त्या गाठीकडे पाहिलं, आणि एकोणीस-वीस वर्षांचा शासकीय अनुभव त्यांच्या बोटांत उतरला.

त्यांनी गाठीवर दुसरी गाठ मारली. मग तिसरी. वरून दोन्ही टोकं आत खोचली.

"हे काय करतोस?" कुदळ्याने विचारलं.

"नीट बांधतोय. वाऱ्याने सुटली तर मागून येणाऱ्यांची गैरसोय होईल."

"अरे, मागून फक्त बाई येतायत!"

"त्यांचीच सोय बघतोय," साहेब म्हणाले. नोकरीत त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली होती. कोणाचंही काम अडवायचं नसतं, त्याने बोभाटा होतो. फक्त वाटेतली प्रत्येक गाठ जरा घट्ट करायची. काम आपोआप मागे पडतं आणि बोट कोणाकडेच दाखवता येत नाही.

आणि खरोखर छत्रीची टकटक मंदावली. एका टेकडीमागे गेली. मग ऐकूच येईना. साहेब प्रत्येक झाडापाशी थांबत, गाठ पक्की करत आणि ताठ मानेने पुढे जात. त्यांची विद्या पहिल्यांदाच मोकळ्या हवेत चालली होती. दुपार कलायला लागली तेव्हा चाळीस किलोमीटरची पाटी दिसली. साहेबांचे गुडघे कुरकुरत होते, एका पायाच्या अंगठ्याने वेगळा संसार थाटला होता, पण ते चालत होते. निम्म्याच्या पुढे तर ते केव्हाच आले होते, आणि निम्म्याची खूण गेली तिथे त्यांनी एक बटाटा मीठ लावून समारंभपूर्वक खाल्ला होता.

पाटीजवळ कुदळ्याने कप्प्यातून एक पौष्टिक वडी काढली. परदेशी होती म्हणे, आणि विटेसारखी कडक होती. त्याने पुढच्या दातांनी तिचा लचका तोडायला घेतला. कट्ट असा आवाज आला. वडी शाबूत राहिली. कुदळ्याचा तो प्रेमाने रेखीव करून घेतलेला दात मात्र अर्धा तुटून हातात आला.

मग जे झालं ते सांगायलाही वाईट वाटतं. हजारो लोकांना 'काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं सांगणारा हा माणूस वाटेतच बसकण मारून रडू लागला. श्वास आत घेतला की दाताला हवा लागायची आणि तो किंचाळायचा. तोंडावर रुमाल दाबून त्याने खुणेने सांगितलं, मी इथून उठणार नाही.

"काही होत नाही रे," साहेब म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं वाटेल." कुदळ्याने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्यांना पुढे बरेच दिवस आठवत होती.

फोनला रेंज नव्हती. औषधं बाईंकडे, वायरलेसही बाईंकडे. साहेबांनी छाती भरून शिट्टी फुंकली. लांब, फार लांब, दोन टेकड्यांपलीकडून एक बारीक शिट्टी उत्तराला आली. बाईंनी ऐकलं होतं. पण बाई रिबीन सोडल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नव्हत्या, आणि मधल्या प्रत्येक रिबिनीवर निम्मेसाहेबांच्या हातच्या तीन-तीन गाठी होत्या.

पुढे वाट मोकळी होती. उतार होता. बाई इतक्या मागे होत्या की साहेब रांगत गेले असते तरी शर्यत पुरी झाली असती. घरी जाऊन बायकोसमोर ताठ उभं राहता आलं असतं, शिंप्याला खाली वाकून दोन शब्द सुनावता आले असते. त्यांनी त्या उताराकडे पाहिलं. मग तोंडावर रुमाल धरून बसलेल्या, ओल्या डोळ्यांच्या कुदळ्याकडे पाहिलं. याने आपल्याला ब्रेक म्हणून आणलं, हे खरं. पण हा पाचवीपासूनचा आहे, हेही खरंच.

"हलू नकोस," साहेब म्हणाले आणि उलटे फिरले.

पहिल्या झाडापाशी त्यांना स्वतःचीच गाठ भेटली. ती सुटेना. नखं तुटली. शेवटी त्यांनी दाताने ओढली, आणि कुदळ्याने कोरून भरलेल्या त्याच दाढेने ती गाठ सोडवली. दाढ चांगली भरली होती, याबद्दल त्यांची खात्री पटली. मग दुसरी गाठ, मग तिसरी. आपल्या कामाचा दर्जा एवढा चांगला आहे हे साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि त्यांना स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवावीशी वाटली.

दोन टेकड्या मागे बाई एका दगडावर बसून केसातल्या पिनेने एक गाठ उकलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोणीतरी फार मन लावून बांधलंय हो. सरकारी नोकरीतला माणूस असावा."

"असतात काही लोक," साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. नखांत नारिंगी धागे अडकले होते. मग दातांकडे पाहिलं. तिथेही होते.

"बसा," बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "आणि सोडवा."

साहेबांनी मुकाट्याने ती गाठ सोडवली आणि वाटेत कुदळ्याची हकीकत सांगितली. उरलेली झाडं त्यांनी येतानाच मोकळी केली होती, त्यामुळे पुढे बाई झपाझप निघाल्या. त्यांच्या पुढे राहायला साहेबांना अक्षरशः पळावं लागलं. त्या दिवशी ते खरे पळाले ते तेवढेच.

बाईंनी पेटीतून लवंगेचं तेल काढलं, कापसाचा भला मोठा बोळा भिजवला आणि कुदळ्याच्या तोंडात कोंबला. मग खाली सतरंजी टाकून बसल्या.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. "मी पुढे गेले की दोघांचे नंबर काढून घेणार. पण या रिबिनी चुरगळल्यात, आणि चुरगळलेली रिबीन मी पिशवीत टाकत नाही. मला आधी एकेक सरळ करून घडी घालायचीय. कोणामुळे चुरगळल्या ते मी विचारत नाही."

साहेब कुदळ्यासमोर उकिडवे बसले. कुदळ्याच्या तोंडात बोळा, गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी.

"दहाच किलोमीटर राहिलेत. येतोस ना? नाही म्हणायचं असेल तर मान आडवी हलव."

कुदळ्याने मान आडवी न्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच कळवळून थांबला. मग त्याने अत्यंत सावधपणे मान उभी हलवली, तीही नखभर.

"वा! मला वाटलंच होतं. आणि घरी गेल्यावर माझा उरलेला कठडा रंगवायला येशील ना?"

कुदळ्याचे डोळे मोठे झाले. मान पुन्हा उभी हलली. दुसरा मार्गच नव्हता.

शेवटचे दहा किलोमीटर साहेब पुढे आणि कुदळ्या त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरून मागे, असे गेले. प्रशिक्षकांचा सल्ला कुदळ्याने कधी इतका काटेकोर पाळला नसेल. ऊन उतरता उतरता ते शेवटच्या कमानीखालून गेले तेव्हा शर्यतवाले मांडव सोडत होते. मागून बाई आल्या आणि टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, "हे गृहस्थ मागे येऊन परत गेलेत. पन्नासपेक्षा बरेच जास्त झालेत त्यांचे."

"जास्तीची नोंद करायची सोय नाही," तो म्हणाला. "आणि पदकं संपलीत. पत्ता सांगा, कुरियरने पाठवतो."

साहेब इतके थकले होते की पत्ता आपोआप तोंडून बाहेर आला. गल्लीचं नाव, आणि खूण म्हणून निळा कठडा जिथे संपतो, ते घर.

घरी बायकोने दार उघडलं. साहेबांच्या पायांकडे, नखांकडे, दातांतल्या नारिंगी धाग्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "किती झाले?"

"सगळे," साहेब म्हणाले. "वर थोडे."

"पदक कुठाय?"

"येणार आहे."

खालून मशीन थांबल्याचा आवाज आला. कोणी काही बोललं नाही. पण न बोलण्याचेही प्रकार असतात, आणि तो प्रकार साहेबांना बरोबर कळला. त्यांनी सुजलेल्या पायांनी कठडा गाठला, खाली काहीतरी सुनावायला तोंड उघडलं आणि दाखवायला हातात काहीच नाही हे लक्षात येऊन मिटलं.

पुढच्या रविवारी कुदळ्या नवा दात बसवून आला. शब्द दिला होता, त्यामुळे शर्टाच्या बाह्या सरसावल्या. दगड झालेला ब्रश टाकून दिला, नवा आणला, गंज घासला आणि दोघांनी मिळून उरलेला कठडा निळा केला. वरून मावशींनी आणि कपाटवाल्यांनी सल्ले दिले. मधे दोनदा कोणीतरी साहेबांना खालून हाक मारली. साहेब ब्रश हातात धरून तिथूनच ओरडले, "आत्ता नाही!" दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

पदक मात्र येईना. आठवडा गेला, दुसरा गेला. साहेब कार्यालयातून आले की आधी दारातली चिठ्ठ्यांची पेटी बघत, मग शिंप्याच्या दुकानावरून नजर चुकवून वर जात. बायको काही विचारत नव्हती, ते जास्तच टोचायचं. शेवटी साहेबांनी शर्यतवाल्यांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "पाकीट पत्ता न सापडल्याने परत आलंय. तशी खूण असलेलं घर त्या गल्लीत नाही, असा शेरा आहे."

साहेब तरातरा खाली उतरले. शिंपी मापं घेत होता.

"इथे कोणी कुरियरवाला माझं घर शोधत आला होता का?"

"आला होता की," शिंपी तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाला. "दोन दिवस गल्लीत फिरत होता बिचारा. मला विचारलं, अर्धा निळा कठडा कुठे आहे? मी म्हटलं, बाबा रे, चुकीच्या गल्लीत आलास. अर्धं असं इथे काहीही नाही."

साहेब भडकायलाच आले होते. तोंडही उघडलं होतं. पण तसेच थांबले. वर बाल्कनीत बायको ओले कपडे हातात घेऊन उभी होती आणि संपूर्ण निळ्या कठड्यावरून खाली वाकून ऐकत होती.

साहेबांनी दुकानातलं स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर निवांत बसले.

"जरा मोठ्याने सांगा," ते म्हणाले. "काय सांगितलंत त्याला?"